मोटर, पाणी आणि करार: गिरगावातल्या एका चाळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाळ गिरगावातली, तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याला नऊ खोल्या, एकूण ३६. त्यातल्या तीन वर्षानुवर्षं कुलूपबंद. बहुतेक पागडीचे जुने भाडेकरू, एका खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहणारी चार नोकरदार मुलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

महापालिकेचं पाणी पहाटे ४.५० ला येतं आणि ६.२० ला जातं. दीड इंची जोडणी, एक मीटर, चौकातून वर गेलेला एक उभा पाइप आणि त्यावरून खोलीखोलीत नळ. घरात नळ येण्याआधी चौकात एकच सार्वजनिक नळ होता. त्याचा नियम जुन्या माणसांना अजून पाठ आहे: दोन हंडे भरले की रांगेत मागे. कोणी तिसरा हंडा लावलाच तर मागचा माणूस पायानं तो बाजूला सरकवायचा, आणि त्यावर कोणी भांडायचं नाही.

घरोघरी नळ आल्यावर हा नियम कोणी रद्द केला नाही. रांगच उरली नाही, म्हणून तो आपोआप गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

अडचण

दाब कमी असल्यामुळे पाणी तळमजल्यावर आणि पहिल्यावर भरपूर, दुसऱ्यावर बेताचं आणि तिसऱ्यावर जवळजवळ नाहीच, अशी स्थिती बरीच वर्षं होती. मग तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी नळाला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर जोडली. शेजारच्या खोलीचं होतं तेवढंही पाणी गेलं, म्हणून तिनेही जोडली. २०२३ च्या दिवाळीपर्यंत मोटरी चौदा झाल्या: तिसऱ्यावर आठ, दुसऱ्यावर पाच, पहिल्यावर एक.

महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावायला बंदी आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, मोटर नवं पाणी आणत नाही, शेजाऱ्याचं ओढते. दुसरं जास्त गंभीर आहे. ओढीमुळे पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि सैल सांध्यातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत शिरतं. नोव्हेंबरात तळमजल्यावरच्या एका मुलाला कावीळ झाली. ती या पाण्यामुळेच झाली हे सिद्ध झालं नाही, पण त्या घरचा नळ सुरुवातीची दोन मिनिटं गढूळ यायचा हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

भांडण पेटलं ते जिन्यात. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “वहिनी, तुमची मोटर चालू झाली की आमचा नळ नुसता फुसफुसतो. पोराची तब्येत बघितलीत ना?” तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं उत्तर होतं, “काका, मोटर नव्हती तेव्हा आमच्या नळाला थेंब येत नव्हता. इतक्या वर्षांत कधी वर येऊन विचारलंत का?” आठवड्याभरात गॅलरीतल्या दोन मोटरींच्या वायरी कोणीतरी कापल्या, आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार करण्याची भाषा सुरू झाली.

दोघांचंही म्हणणं खरं होतं. वहिनींचा प्रश्न तर जास्तच अवघड, कारण मोटरी येण्याआधीची वाटणी न्याय्य होती असं तळमजला गृहीत धरत होता. ती वाटणी कोणी ठरवलेली नव्हती. पाणी खाली वाहतं, एवढाच तिचा आधार होता.

एपिक्युरस इथे कशाला

मध्यस्थी केली शेजारच्या चाळीत राहणाऱ्या, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिकेने. पहिल्या बैठकीत बाईंनी एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं नावही काढलं नाही, पण प्रश्न त्याचे होते.

आपल्याकडे एपिक्युरस म्हटलं की खा-प्या-मजा करा असं वाटतं. चार्वाकाला ‘ऋण काढून तूप प्या’ एवढ्यात गुंडाळतात, तसंच हे. इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या आणि अथेन्समध्ये आपल्या बागेत मित्रांसोबत राहून इ.स.पू. २७० मध्ये वारलेल्या या माणसाला सुख म्हणजे शरीराला पीडा नसणं आणि मनाला घोर नसणं, असं अभिप्रेत होतं. त्याची चाळीस प्रमुख वचनं, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्शियसच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात टिकून आहेत. त्यातली शेवटची दहा न्यायाबद्दल आणि शेजाऱ्यांपासूनच्या निर्धास्तपणाबद्दल आहेत.

या प्रकरणापुरता त्यांचा गाभा असा. न्याय ही स्वतंत्रपणे कुठे असणारी वस्तू नाही. एकमेकांना इजा करायची नाही आणि करू द्यायची नाही, असा माणसांनी त्या त्या ठिकाणी केलेला करार म्हणजे न्याय (३१ आणि ३३). तो सर्वसाधारणपणे सगळ्यांना सारखा असला तरी ठिकाण आणि परिस्थितीप्रमाणे तपशिलात वेगळा निघतो (३६). एखादा नियम परस्परांच्या उपयोगाचा असतो तोवर न्याय्य असतो. परिस्थिती बदलून तो उपयोग संपला तर तेव्हा तो न्याय्य होता, आता नाही, असं म्हणायला हरकत नाही (३७ आणि ३८).

यातलं ३८ वं वचन चाळीला फार कामाला आलं. ‘दोन हंडे’ हा नियम त्या काळी न्याय्य होता आणि आज लागू नाही, ही दोन्ही वाक्यं एकत्र खरी असू शकतात. त्यामुळे जुन्या माणसांना आपला काळ खोटा ठरल्यासारखं वाटलं नाही, आणि वरच्या मजल्यांना नवा नियम मागताना चोर ठरावं लागलं नाही.

आधी मोजमाप

‘कोण बरोबर?’ हा प्रश्न बाईंनी बाजूला ठेवायला लावला आणि त्याऐवजी तीन प्रश्न जिन्यातल्या फळ्यावर लिहिले: आत्ता कोणाला नेमकी काय इजा होते आहे? ती थांबवण्यासाठी प्रत्येकानं काय सोडावं लागेल? सोडलं की नाही, हे सगळ्यांना दिसेल कसं?

पहिल्या प्रश्नासाठी सात दिवस मीटर वाचला आणि प्रत्येक खोलीने २०० लिटरची किती पिंपं, किती बादल्या भरल्या ते लिहिलं. चाळीला रोज सुमारे ८,७०० लिटर पाणी येत होतं. मोटरवाल्या चौदा खोल्यांना सरासरी ३८०, मधल्या मोटर नसलेल्या दहा खोल्यांना २४० आणि तळमजल्याच्या नऊ खोल्यांना ११० लिटर. समान वाटलं तर ३३ खोल्यांना प्रत्येकी सुमारे २६० लिटर.

मग एका रविवारी सगळ्या मोटरी बंद ठेवून पाहिल्या. मीटरवर जवळपास तेवढंच पाणी आलं, तिसरा मजला मात्र कोरडा राहिला. चौदा मोटरी, त्यांची वीज आणि पहाटेची धावपळ चाळीच्या एकूण पाण्यात जवळजवळ काहीच भर घालत नव्हती, हे आकड्यात दिसल्यावर बैठकीतला आवाज खाली आला.

तोललेले पर्याय

वॉर्ड ऑफिसात तक्रार करायची, हा पहिला. कायदा तळमजल्याच्या बाजूने होता. पण कारवाईत मोटरी जप्त झाल्या की तिसरा मजला पुन्हा कोरडा, आणि जोडणी तोडली तर ती सगळ्या चाळीची एकच. ज्या नियमाने एका बाजूची इजा थांबून दुसरीची सुरू होते, तो एपिक्युरसच्या कसोटीवर अर्धाच उतरतो.

मोटरींचं मजलावार वेळापत्रक हा दुसरा. खर्च शून्य, म्हणून लोकप्रिय. पण लाइनमधून थेट ओढणं चालूच राहणार, म्हणजे गढूळ पाण्याचा धोका तसाच आणि बेकायदापणाही.

गच्चीवर मोठी टाकी हा तिसरा. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो पाच मिनिटांत निकाली काढला: पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, आणि छत लाकडी तुळयांचं.

चौथा स्वीकारला गेला. चौकातल्या ओट्यावर ३,००० लिटरच्या तीन टाक्या खालून एकमेकींना जोडायच्या, महापालिकेचं पाणी स्वतःच्या दाबाने त्यात पडू द्यायचं, आणि टाकीतून दीड हॉर्सपॉवरच्या एकाच पंपाने नव्या उभ्या पाइपातून मजल्यामजल्याला पाळीने द्यायचं. पंप टाकीतून ओढतो, लाइनमधून नाही, म्हणून नियमातही बसतं. टाक्या नऊ हजारांच्या घेतल्या, कारण पहाटे वीज गेली तर दिवसाचं सगळं पाणी साठून राहिलं पाहिजे. मालकाकडून लेखी ना हरकत घेतली. खर्च १,६५,००० रुपये, खोलीमागे ५,०००. वसुली गणपतीच्या वर्गणीसारखी, पावतीपुस्तकावर.

निर्णयाच्या जागा

*मोटरींचं काय करायचं?* तळमजल्याची मागणी होती की सगळ्या मोटरी चाळीबाहेर गेल्या पाहिजेत. मोटरवाले म्हणत होते, तीन-चार हजारांची वस्तू आहे, भरपाई द्या. यावर दोन बैठका वाया गेल्या. तोडगा एका प्लंबरच्या साध्या प्रश्नातून निघाला: “पिंपातून माळ्यावरच्या टाकीत चढवायला मोटर वापरली तर तुमचं काय जातं?” कोणाचंच काही जात नव्हतं. करारात बंदी घालायची ती इजेवर, वस्तूवर नाही. मोटर ठेवायची मुभा दिली; अट एवढीच की तिचा ओढणारा नळा उघड्या पिंपात सुटा सोडलेला असावा, कुठल्याही पाइपाला पक्का जोडलेला नसावा, आणि पिंप दारातून दिसेल असं असावं. अडून बसलेल्या सहा खोल्यांनी त्या रात्री सह्या केल्या.

*मजल्याच्या आत समान वाटणी कशी?* पंपाजवळच्या नळाला जास्त आणि टोकाच्या नळाला कमी, हे व्हॉल्व्हने सुटत नाही. व्हॉल्व्ह कोणीही फिरवतो. प्रत्येक खोलीच्या जोडणीत सहा मिलिमीटर भोकाची पितळी चकती बसवली. त्यातून मिनिटाला बारा-साडेबारा लिटर पाणी येतं, म्हणजे २१ मिनिटांच्या पाळीत २६० लिटर. चार मजल्यांच्या चार पाळ्या ५.१५ ते ६.४० मध्ये संपतात. चकतीत कचरा अडकतो, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती काढून धुवायची.

*सही कोणाची?* पोटभाडेकरू मुलांची खोली ज्यांच्या नावावर, ते गृहस्थ विरारला. काही जण म्हणाले, मुलं भाडेकरू नाहीत तर करारात नाहीत, त्यांना पाणी कशाला? एपिक्युरसचं ३२ वं वचन वरवर याच बाजूचं वाटतं: ज्यांच्याशी करारच नाही त्यांच्याबाबत न्याय-अन्याय संभवत नाही. बाईंनी ते उलट बाजूने वाचून दाखवलं. ज्याला करारात घेतलं नाही त्याने इजा करू नये यासाठी त्याच्याकडे काहीच कारण उरत नाही, आणि त्या मुलांकडे मोटर होती. ठरलं असं की सही खोली कोणाच्या नावावर आहे यावर नाही, पाणी कोण भरतं यावर. मालक आणि भाडेकरू दोघेही बिचकू नयेत म्हणून एक ओळ घातली: या सहीने कोणताही भाडेहक्क निर्माण होत नाही किंवा कमी होत नाही.

*जे मोबदल्यात काही देऊ शकत नाहीत त्यांचं काय?* तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना पिंप भरून झाकण लावणंही जमत नाही. करार परस्पर फायद्याचा असेल तर आजींकडून चाळीला फायदा कोणता, असा प्रश्न एका तरुणाने प्रामाणिकपणे विचारला. एपिक्युरसचा रोमन अनुयायी लुक्रेशियस आपल्या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात आदिम शेजाऱ्यांच्या पहिल्या करारांचं वर्णन करतो. तिथे इजा न करण्याच्या वचनासोबतच बायका-मुलांना एकमेकांच्या हवाली केलं जातं आणि दुबळ्यांची कणव करणं सगळ्यांना योग्य आहे असं खुणांनी, तुटक बोलांनी सांगितलं जातं. म्हणजे दुबळ्यांचा सांभाळ कराराच्या आतच येतो, कारण प्रत्येकजण कधी ना कधी त्या जागी असतो. आजींचं पाणी शेजारची खोली भरते, आणि ते करारात लिहिलेलं आहे, कोणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. माझ्या मते संपूर्ण करारातलं हे सर्वांत महत्त्वाचं कलम आहे.

*दर खोली की दर माणशी?* सात माणसांच्या खोलीला आणि दोघांच्या खोलीला सारखंच २६० लिटर, हे खटकणारं आहे. तरी खोलीमागेच ठरवलं, कारण खोल्या मोजता येतात. माणसं पाहुण्यांनी, बाळंतपणांनी, गावी गेल्याने रोज बदलतात आणि त्यावरून दारात चौकशा सुरू होतात.

करार आणि त्याची वही

करार दीड पानाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३३ पैकी ३२ खोल्यांच्या सह्या झाल्या. त्यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. मीटर सलग तीन दिवस ८,००० लिटरच्या खाली गेला तर ४८ तासांत बैठक. एरवी दर एक जूनला करार नव्याने वाचायचा. आणि पंपाच्या तोंडाशी दुसरा छोटा मीटर. महापालिकेच्या मीटरवर आलेलं पाणी आणि पंपाने वर दिलेलं पाणी हे दोन आकडे रोज वहीत लिहायचे. टाकीच्या तळाशी उरणाऱ्या पाण्यामुळे शंभरेक लिटरचा फरक पडतोच.

काय घडलं

एप्रिलमध्ये सलग पाच दिवस हा फरक ५०० ते ६०० लिटरवर गेला. जुना उभा पाइप कापलेला नव्हता. ‘पंप जळाला तर?’ म्हणून तो एका कॉकने बंद करून पेटीला कुलूप लावलं होतं, आणि चार मजल्यांच्या चार प्रतिनिधींकडे किल्ल्या होत्या. कोणीतरी पहाटे कॉक थोडा उघडून जुन्या नळावरून मोटरने पाणी ओढत होतं.

कमिटीतल्या दोघांचं म्हणणं होतं, पहाटे लपून बसू आणि पकडू. बाईंनी फक्त पाच दिवसांचे आकडे फळ्यावर लावायला सांगितले, नाव न घेता. ३४ वं आणि ३५ वं वचन इथे लागू पडतं: गुपचूप करार मोडणारा हजारदा निसटला तरी पुढेही निसटेल याची खात्री त्याला कधीच मिळत नाही, आणि अन्यायातलं दुःख म्हणजे ही धाकधूक. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानेही एपिक्युरसचं हेच म्हणणं आपल्या एका पत्रात उचलून धरलं आहे. यावर जुना आक्षेप आहे की मग न्याय म्हणजे निव्वळ पकडलं जाण्याची भीती. तो इथे पटत नाही. भीती करार निर्माण करत नाही. करार मोडून मिळालेलं पाणी ती सुखाने पिऊ देत नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याचे प्रतिनिधी स्वतः बाईंकडे गेले. घरात मुलीचं लग्न, पंधरा पाहुणे. म्हणाले, “कॉक फिरवताना कुरकुरायचा, रोज वाटायचं कोणीतरी गॅलरीत आलं.” करारात ठरल्याप्रमाणे त्या महिन्याचं पंपाचं वीजबिल, साधारण ५० युनिटांचं, त्यांनी भरलं आणि किल्ली परत केली. त्याच रविवारी जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा हॅक्सॉने कापून काढला आणि दोन्ही तोंडांना बूच बसवलं.

मग पावसाआधी धरणं तळाला गेली आणि महापालिकेने ३० मे २०२४ पासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात लावली. मीटर ७,८०० वर आला. ठरलेल्या बैठकीत पाळी २१ वरून १९ मिनिटांवर आणली, खोलीमागे सुमारे २३५ लिटर. ती बैठक वीस मिनिटांत संपली. जुलैअखेर कपात उठल्यावर पाळी पुन्हा २१ मिनिटांची झाली.

तळमजल्याचा नळ आता सुरुवातीलाही स्वच्छ येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या खोलीने सही केली नाही, तिने वर्गणीही दिलेली नाही. तिचं पाणी मात्र तोडलेलं नाही. ३९ वं वचन सांगतं, ज्यांना आपलंसं करता येईल त्यांना करावं, ज्यांना करता येत नाही त्यांना निदान परकं तरी करू नये. यावर दुसऱ्या मजल्यावर अजून नाराजी आहे, आणि ती रास्त आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जुना पाइप पहिल्याच दिवशी कापायला हवा होता. टाक्या नऊ हजार लिटरच्या असताना त्याची गरजच नव्हती. मोह मात्र चौकात कुलूप लावून ठेवला गेला. किल्ल्या प्रतिनिधींकडे देणं ही दुसरी चूक: जे तपासणार तेच उघडू शकत होते. वही आता दर महिन्याला वेगळ्या मजल्याकडे असते.

लग्नकार्य, बाळंतपण, दहावं-तेरावं अशा वेळी जादा पाणी मागायची उघड सोय करारात नव्हती. ती असती तर दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला पहाटे कॉक फिरवावा लागला नसता. जून २०२४ च्या वाचनात कलम घातलं: दोन दिवस आधी वहीत लिहायचं, ज्या शेजाऱ्यांना जमेल त्यांनी आपल्या पाळीतून एकेक बादली द्यायची.

मोजमाप भांडणाआधी व्हायला हवं होतं, वायरी कापल्यानंतर नाही. तिसरा मजला कोरडा असताना एखादं वर्ष जरी कोणी मीटर वाचून पिंपं मोजली असती, तरी पहिली मोटर कदाचित बसली नसती.

माणशी वाटणीचा प्रश्न पुढच्या वाचनासाठी ठेवला आहे. सात माणसांच्या त्या खोलीने वहीच्या शेवटच्या पानावर, तारीख घालून, आपली मागणी लिहून ठेवली आहे.